झुलाल मिस्त्रीचं अडलेलं वाक्य

दोंडाईच्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात झुलाल फिटर होता. हातात कसब होतं, पण बोलताना तो अडखळायचा. जुने सुपरवायझर त्याचं वाक्य मधेच तोडून स्वतः पुरं करत, आणि बहुतेकदा चुकीचंच. हळूहळू त्याने बोलणं कमी केलं. यंत्राला काय झालंय, ते तो बोटानेच दाखवायचा.

१९८८च्या हंगामात धुळ्याहून अभिमन हे नवे सुपरवायझर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ना... ना... नाव काय?"

"झु... झु..." झुलाल तिथेच अडकला.

हमाल हसले. झुलालला वाटलं, कोणीतरी याला आधीच सांगितलंय आणि हा आपली नक्कल करतोय. अभिमननाही झुलालबद्दल नेमकं तेच वाटलं. घरी येऊन झुलाल बायकोला, कमलबाईला म्हणाला, "काम सोडी देसू."

"हंगाम सरू द्या," ती म्हणाली.

पंधरा दिवस दोघांनी एकमेकांना टाळलं. काय काम आहे, ते अभिमन चिठ्ठीवर लिहून पाठवत.

मग एका दुपारी तीन नंबरच्या शाफ्टजवळ झुलालला जळका वास आला. बेअरिंगला हात लावला तर चटका बसला. शेजारीच कापसाचा ढीग, आणि बाया टोपल्या ओतत होत्या. मेन स्विच सुपरवायझरच्या खोलीत, आणि त्यांच्या हुकुमाशिवाय तो पाडायचा नव्हता. तो धावत तिथे गेला.

"बे... बे..."

अभिमनचा चेहरा आधी कठोर झाला. मग त्यांना झुलालच्या मानेच्या ताणलेल्या शिरा दिसल्या. ही नक्कल नव्हती. ते स्वतः असेच अडकत. ते उठले, स्विचवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. मधे एकही शब्द घातला नाही.

"बेअरिंग तपेल शे. तीन नंबर."

स्विच खाली आला. पट्टे थांबले. शाफ्टला चिकटलेला कापूस काळा पडला होता, पण ढिगाला काही झालं नव्हतं. बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

चहा घेताना अभिमन म्हणाले, "तुम्ही मन्ही नक्कल करी, असं वाटनं."

"मा... माले बी."

"लहानपनपाईन शे का हे अडखळनं?" अभिमननी विचारलं.

"पाचवीपाईन."

अभिमन हसले. झुलालही हसला, आणि पंधरा दिवसांचं ओझं उतरल्यासारखं वाटून त्याने दुसरा चहा मागवला. त्या संध्याकाळी कमलबाईला सगळी हकीकत सांगायला त्याला बराच वेळ लागला. ती ऐकत राहिली. नोकरी सोडायची गोष्ट कोणी काढली नाही.