दोन किलो गेले कुठे?

वृद्धाश्रमात सिस्टर म्हणून दहा-बारा वर्षं काढली की किस्से औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि घरी सांगायला जावं तर म्हणतात, "जेवताना नको!"

आमचा आश्रम पनवेलजवळ, कर्नाळ्याच्या रस्त्यावर. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सगळ्यांची वजनं घ्यायचे. कुणाचे दोन किलो उतरले, की मी हात धुऊन मागे लागायचे.

"म्हातारपणी माणूस वाळायचाच," ट्रस्टी म्हणाले.

"वाळायला ते काय बोंबील आहेत?"

*

गोखले मास्तरांचं वजन तीन महिने पन्नासवर ठाम. पायजमा मात्र रोज घसरायचा!

"मास्तर, खिसे दाखवा."

निघालं काय? एक कुलूप, दोन दगड आणि अडकित्ता!

"मास्तर, तुम्ही कॉपी करता?"

"नापास झालो तर तुम्ही मुलाला फोन कराल," ते मान खाली घालून म्हणाले.

मी तोंड उघडायला लावलं. कवळी सैल, हिरड्या सोललेल्या. फोन नाही केला, रिक्षा बोलावली आणि थेट डेंटिस्ट गाठला. नवी कवळी बसली, आणि मास्तरांचा पहिला शब्द, "चकली!"

*

लिमयेआजींचं वजन घटत होतं आणि आश्रमातल्या मांजरीचं वाढत होतं. मग मी माझं ताट घेऊन रोज आजींच्या शेजारी बसू लागले.

आजी भडकल्या. "तुमच्यामुळे मांजर उपाशी मरेल!"

"सोमवारी तिलाही आणा काट्यावर," मी म्हटलं.

*

हिराबाई उरणकडच्या कोळीण. वरणभात पाहिला की तोंड फिरवायच्या. डॉक्टरांनी दिलेलं टॉनिक त्यांनी तुळशीला घातलं.

"पोटात दुखतंय का?"

"नाय गो! आमाला काय रोग नाय. या जेवनाला वासच नाय!"

आश्रमाचं स्वयंपाकघर शाकाहारी. ट्रस्टींशी आठवडाभर भांडून मी मागच्या अंगणात वेगळी चूल मिळवली. पहिल्याच दिवशी सुकटीचं कालवण. हिराबाईंनी दोन भाकऱ्या चेपल्या!

तेवढ्यात मागच्या दारात ट्रस्टी वास हुंगत उभे. "चूल नीट पेटते ना, बघायला आलो."

*

शिंदेकाका तळोज्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. आता काहीच आठवायचं नाही. जेवणाची घंटा झाली की पानावरून उठायचे. "शिफ्टला उशीर होतोय," म्हणत फाटकाकडे! भरवलं तर थुंकायचे, रागावलं तर रडायचे. चार किलो उतरले.

डॉक्टर म्हणाले, "नाकातून नळी घालावी लागेल."

मी आठ दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात पोळीभाजी भरली आणि त्यांच्यामागे धावत सुटले. "अहो काका, डबा विसरलात!"

ते थांबले. डबा घेतला. फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मी हाक दिली, "लंच टाइम!"

डबा चाटूनपुसून रिकामा!

मग रोज तेच. महिन्याभरात दीड किलो वाढले. नळीचं नाव कुणी काढलं नाही.

एका दुपारी रिकामा डबा माझ्या हातात देऊन काका हळूच म्हणाले, "अगं, उद्यापासून दोन पोळ्या जास्त दे. ओव्हरटाइम लागलाय."