म्हशींच्या जागी मिलिंग मशीन

दिवाळीपासून छबूबाईच्या दोन्ही म्हशी चिंचेखाली होत्या आणि गोठ्यात लोखंड कापून घडवणारं चार टनांचं मिलिंग मशीन होतं. कळंबात या गोष्टीची चर्चा कधीच संपली होती. छबूबाईच्या तोंडी मात्र ती रोज धारेच्या वेळी नव्याने सुरू व्हायची.

तिचा नवरा गेणबा एकतीस वर्षं कारखान्यात नोकरीला होता, त्यातली बरीचशी या मशीनवर. मशीन चालवणारा कंट्रोल जळला, सुटे भाग मिळेनात, म्हणून ते भंगारात निघालं. त्याच महिन्यात गेणबा निवृत्त झाला आणि दोघं बरोबरच घरी आले.

"लोखंड ठणठणीत हाय. नुसतं डोकं गेलंय," गेणबा येईल-जाईल त्याला सांगायचा.

"कुणाचं?" छबूबाई आतून विचारायची.

मग नवं डोकं बसवणं सुरू झालं. कुरियरने खोकी आली, मोबाईलवरच्या व्हिडिओंत परदेशी माणसं तासन्‌तास बोलू लागली, जुन्या वायरी भारा बांधून बाहेर पडल्या. मिसळणाच्या डब्यातल्या हळदीच्या वाटीत बारके स्क्रू गेले. त्या दिवशी आमटी पांढरी झाली, तरी गेणबाने दोनदा मागून घेतली.

शनिवारी बारामतीच्या एमआयडीसीतले कारखानदार विजयसिंह येणार होते. त्यांना पंपाची झाकणं करून हवी होती. नमुन्याचं झाकण बरोबर निघालं तर काम गेणबाला. नाही निघालं तर मशीन बाहेर आणि म्हशी आत. भांडणाच्या भरात गेणबाने तसा शब्द देऊन ठेवला होता.

शुक्रवारी मशीन झकास चाललं. शनिवारी गेणबा अंघोळीला गेला तशी छबूबाई गोठ्यात शिरली. मशीन जावं असं तिला मनापासून वाटत होतं, पण दृष्ट लागून जावं असं नव्हतं. या घरात मिक्सरसुद्धा लिंबू-मिरचीवाचून सुरू झाला नव्हता. समोर बांधलं तर गेणबा ओरडला असता, म्हणून ती भिंतीकडच्या बाजूला गेली. तिथे करंगळीएवढी नवी नळी बाहेर आली होती. तिला तारेचे दोन वेढे देऊन तिने लिंबू-मिरची लटकवली आणि हात जोडले.

अकराला विजयसिंह आले. गेणबाने नारळ फोडला, बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. मशीनचं सरकतं टेबल जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल.

"काय झालं, तात्या?"

"सुरू झालं की टेबल आधी एका कडंला जातंय. तितनं पुढची मापं. तितला सेन्सर म्हंतोय, टेबल आधीच पोचलंय." गेणबाच्या कपाळावर घाम आला. "लोखंड म्होरं आलं तरच त्याला कळतं. आन्‌ म्होरं लोखंड न्हायच की!"

चहा घेऊन आलेल्या छबूबाईने मशीनमागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथल्या नळीला गुंडाळलेली लिंबाची तार लोखंडाचीच होती.

गेणबा पॅनेल उघडून वायरी चाचपू लागला. छबूबाईने बाहेर पाहिलं. चिंचेखाली म्हशी उन्हाने धापा टाकत होत्या. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. संध्याकाळी गोठा तिचा.

विजयसिंहांनी घड्याळ पाहिलं. "तात्या, राग मानू नका. जुन्या मशीनला नवं डोकं बसत नसतं. या वयात माणसालाही बसत नाही. भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे, पाठवून देतो."

गेणबाने मान खाली घातली. छबूबाईला ते सोसलं नाही. त्याला भंगार म्हणायचा हक्क लग्नापासून बत्तीस वर्षं तिचा एकटीचा होता.

"तुमी चहा घ्या आधी," ती म्हणाली. "मागं लई जळमाटं झाल्यात, तेवढी काढते." झाडू घेऊन ती मशीनमागे गेली, वेढे ओढून सोडवले आणि लिंबू, मिरच्या, तार पदरात गुंडाळली. "आता दाबा."

"झाडून चालत न्हाय त्ये!"

"दाबा म्हंते न्हवं!"

गेणबाने वैतागून बटण दाबलं. टेबल सरकत कडेला गेलं, थांबलं, परतलं आणि कामाला लागलं. झाकण निघालं. विजयसिंहांनी व्हर्नियर लावून तीन ठिकाणी मापलं, मग चष्मा पुसून पुन्हा मापलं.

"तात्या, महिन्याला दोनशे जमतील?"

"जमतील की! वायर ढिली हुती, ती म्या बराबर हेरली," गेणबा छाती काढून म्हणाला. छबूबाईने पदर घट्ट धरला.

"जमतील," ती विजयसिंहांना म्हणाली, "पण आधी म्हशींना पत्र्याचा गोठा. हे व्हय म्हंतायत, तुमी साक्षीला. काय वो?"

पाहुण्यासमोर गेणबा "व्हय" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो परसात खांबांच्या जागा आखत होता. दोरी लावली, ओळंबा धरला आणि मग खांबाची जाडी व्हर्नियरने मापू लागला.

"अवो," छबूबाई वैरणीचा भारा टाकत म्हणाली, "म्हशी बांधायच्यात, मशीनवानी बसवायच्या न्हाईत. खणा आता!"