रणधीरचे दरबारी खापरपणजोबा

इकडे परदेशात, केलीव्हिलच्या आमच्या मराठी कंपूत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रणधीर बार्बेक्यूला आला की एक तरी आपोआप पदरात पडतो. त्याचे खापरपणजोबा एका संस्थानात दरबारी चित्रकार होते, आणि हे ऐकल्याशिवाय त्याच्या घरी कुणाला चहा मिळत नाही.

त्यांचं एक चित्र हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. घोड्यावर बसलेले राजे. एकदा गळका नळ बघायला प्लंबर आला. रणधीरने त्याला आधी चित्रापुढे उभं केलं. बिचारा बराच वेळ बघून म्हणाला, "नाइस हॉर्स, मेट."

पुढच्या वेळी रणधीरने दुसरा प्लंबर बोलावला.

ऑफिसात प्रमोशन हुकलं तेव्हा म्हणाला, "आमच्या रक्तात राजाश्रय आहे रे, आणि हे लोक केपीआय मागतात." त्याची मॅनेजर अजून केपीआयच मागते.

मग रक्तातली कला तपासायला वीकेंडचा पेंटिंग क्लास लावला. बायकोचं, मेधाचं, पोर्ट्रेट काढलं. मेधाने ते नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुझे बाबा का काढलेस?"

दुखणं वेगळंच होतं. त्याची सोळा वर्षांची इरा या सगळ्यावर फोनमधून मान वर न करता "येस डॅड, द किंग गाय" म्हणायची. एकदा मला म्हणाला, "मी गेल्यावर ही पोरगी ते चित्र काउन्सिल क्लीनअपला, भंगार उचलायला येतात तेव्हा, फुटपाथवर ठेवणार बघ." तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून साताऱ्याहून त्याचे अरुणकाका आले तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना बोलावलं. इरालाही पुढ्यात बसवलं.

"काका, राजे तासन् तास त्यांच्यापुढे बसायचे ना?"

"राजे कशाला बसतायत? चेहरे काढणारे वेगळे होते. आपल्याकडे घोडा."

रणधीरकडे बघायची कुणाची हिंमत झाली नाही. काका मात्र रंगात आले होते. "नाक जाड काढलं म्हणून चेहरेवाल्याला राजांनी हाकलला. घोडा कधी तक्रार करत नाही. तीन राजे झाले, आपली नोकरी शाबूत."

इराने फोन चक्क पालथा ठेवला. "वेट, आजोबा. डिड द हॉर्स हॅव अ नेम?"

"होतं ना," काकांनी चहाचा घोट घेतला. "रणधीर."