शनिवारी फावडं न धरणारा माणूस

आमच्या सासूबाई, माई, साताऱ्याहून नॉटिंगहॅमला आल्या त्या बासष्ट सालच्या नोव्हेंबरात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी दारात सडा घातला. शेण कुठून आणणार, म्हणून नुसतं पाणी. आणि त्यावर गोपद्माची रांगोळी. हे म्हणाले, "माई, इथे असं कुणी करत नाही." माई म्हणाल्या, "म्हणून तर लक्ष्मी इथे इतकी गारठलीय."

नाताळानंतर बर्फ पडू लागला आणि पडतच राहिला. माईंचा सडा दारात पडल्या पडल्या गोठायचा. रोजच्या पाण्याचा रोज नवा थर चढून पायरी काचेची झाली. दूधवाला तिथे सपशेल आपटला. पोस्टमन पत्रं लांबूनच भिरकावू लागला. का ते आम्हाला नंतर कळलं, कारण इंग्रज माणूस तक्रार तोंडावर करत नाही.

एका सकाळी दार वाजलं. उघडून बघते तर कौन्सिलचा माणूस. अंगात जाड काळा कोट, हातात फावडं, मागे रस्त्यावर बर्फ वितळवायच्या मिठाची लॉरी. तो माझ्याकडे न बघता खाली पायरीकडे बघत होता. बर्फाच्या थराखाली रांगोळी अशी दिसत होती, जशी फ्रेममध्ये मढवलेली.

"घरात मराठी माणूस आहे ना?" तो मराठीत म्हणाला. "सडा घातलाय कुणी?"

मी वळून माईंना हाक मारली. माई आतून लगबगीने आल्या. "मी घातला. का रे बाबा, तू कुठला?"

"वाक्रूळचा. कुलाबा जिल्हा. निसीम वाक्रूळकर. आम्ही शनवार तेली."

माईंना लगेच उमगलं. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोक, पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हे त्यांच्या माहेरी ठाऊक होतं. "ये, चहा घे," त्या म्हणाल्या.

"चहा नंतर. आधी ही पायरी. माई, इथे माणूस मरेल." आणि निसीमभाऊंनी लॉरीतून फावडंभर मीठ आणून पायरीवर पसरलं.

माई ओरडल्याच. "अरे, मीठ! पायदळी? पापण्यांनी वेचावं लागेल ना वरती!"

"जेवणातलं नाही हो. खाणीतलं आहे, मातकट."

"खाणीतलं म्हणजे सैंधव. म्हणजे उपासाचं! ते तर मुळीच नको."

निसीमभाऊ फावड्यावर रेलून विचारात पडले. मग म्हणाले, "माई, हे साहेबाचं सैंधव. साहेबाने आधीच बाटवलंय. तुम्ही खुशाल पाय ठेवा."

माई हसल्या. तरी पुढे कित्येक दिवस पायरी उतरण्याआधी त्या मिठाला नमस्कार करायच्या. सडा मात्र त्यांनी घरात, देवघराच्या पुढ्यात चार थेंबांवर आणला.

आता निसीमभाऊ रिटायर होऊन मुलीजवळ लंडनकडे इल्फर्डला राहायला गेले. त्यांना निरोप देताना बायका-बायकांत बोलणं झालं की त्यांच्याबद्दल कुणी तरी लिहून ठेवावं. शेवटी शेवटी ते गँगर होते, अख्ख्या टोळीचे मुख्य. पण मी लिहिणार आहे ते त्या पहिल्या हिवाळ्याचं.

आमचा रस्ता म्हणजे कार्टर्स हिल, उभा चढ. हॉस्पिटलची बस त्यावरूनच वर जाते. कौन्सिलचा नियम असा की बसचे रस्ते आधी, गल्ल्या जमेल तेव्हा. निसीमभाऊंकडे हा चढ होता. लॉरी हळूहळू चालायची आणि ते मागे उभे राहून फावड्याने मीठ नि कच, म्हणजे बारीक खडी, उडवायचे. उडवणं बघत राहावं असं होतं. फावडं नुसतं हलायचं, आणि मीठ पंख्यासारखं पसरायचं. कुठे ढीग नाही, कुठे कोरडं नाही. वरून खाली उतरताना ते प्रत्येक गटाराची जाळी थांबून मोकळी करत. वितळलेल्या पाण्याला वाट नसली तर रात्री त्याचंच लोखंड होतं, असं म्हणत.

आणि शनिवारी ते कामाला हात लावत नसत. त्यापायी मुंबईहून आल्यावर दोन कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्या होत्या. कौन्सिलमधले फोरमन, मिस्टर ऑलसॉप, यांनीच काय ते ऐकून घेतलं. ठरलं असं की शनिवारी सुट्टी, त्याच्या बदल्यात प्रत्येक रविवार आणि नाताळ निसीमभाऊंचा. नाताळच्या दिवशी कामाला येणारा माणूस मिळाला म्हणून ऑलसॉप खूश होते.

मी गुरुवार पाळते, एकादशी पाळते. पण माझे उपास घरातल्या घरात. कुणी माझी भाकरी काढून घेत नाही. नोकरी पणाला लावून देवाचा दिवस पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी ते चढ संपवून आमच्या दारात थांबले. चहा घेतला नाही. सूर्य कललेला, आणि त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडताच लागतो, त्याआधी त्यांना घरी पोचायचं होतं.

"माई, आज ऑलसॉपसाहेबाने सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्या. म्हणाला, उद्या हा चढ मोकळा दिसला पाहिजे. निसीम, उद्या आलास तर ठीक, नाहीतर सोमवारी येऊच नकोस."

"मग?"

"मग काय! उद्या शब्बाथ. कुणाचा जीव अडकला तर मी धावेन, ते आम्हाला मंजूर आहे. पण बस अडकली म्हणून नाही."

"दिनाला सांगितलंस?" दिना म्हणजे त्यांची बायको.

"ती म्हणते, दोन नोकऱ्या गेल्या तेव्हा मुंबईहून आणलेली भांडी विकायला काढली, आता काय, तुम्हालाच विकू." ते हसले, पण डोळे हसत नव्हते.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी माझी पूजा आटोपून मी पडदा सारला तर चढ पांढराशुभ्र. खाली बस उभी, आणि नर्सेस एकमेकींना धरून पायी वर येत होत्या. निसीमभाऊंच्या नोकरीचं काय होणार, ते समोर दिसत होतं.

माई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. काचेवरची वाफ पदराने पुसून त्यांनी खाली बघितलं. मग म्हणाल्या, "त्याचा देव त्याला आज बसायला सांगतो. आपल्या देवाने आपल्याला बसायला सांगितलंय का? ऊठ."

मी कोळशाचं फावडं घेतलं. माईंनी नऊवारी खोचली, वर यांचा ओव्हरकोट चढवला, पायात यांचेच बूट. शेजारच्या मिसेस टॉमलिन्सन दारात आल्या. त्या इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणत.

"काय चाललंय, डक?"

मी सांगितलं. त्या आत गेल्या. मला वाटलं दार लावून घेतलं. पण त्या नवऱ्याला आणि चुलीतल्या राखेची बादली घेऊन बाहेर आल्या. मग त्यांची बहीण आली, पलीकडची शिवणकाम करणारी बाई आली. वळणावर कौन्सिलने मिठाची पेटी ठेवलेली होती, ती उघडली. माईंनी मिठाला हात जोडले आणि पहिली मूठ टाकली.

आमचं काम म्हणजे सगळा आनंदीआनंद. इथे ढीग, तिथे काही नाही. मिस्टर टॉमलिन्सन उकरलेला बर्फ नेमका गटाराच्या जाळीवर रचत होते.

त्याच वेळी निसीमभाऊ सिनेगॉगमधली प्रार्थना आटोपून पायी घरी चालले होते. अंगात शब्बाथचा चांगला कोट, हात पाठीमागे. आम्हाला बघून जागच्या जागी थांबले.

"हे काय?"

"तू बोलू नकोस," माई म्हणाल्या. "तुझा उपास आहे."

"उपास नाही माई, विसावा. पण कामाचं बोलणंही चालत नाही, हे खरं." ते गप्प उभे राहिले. नजर मात्र जाळीवर. ओठ आवळलेले. शेवटी राहवेना तसे आभाळाकडे बघत म्हणाले, "आमचे बाबा पावसाळ्याआधी शेतातली पाण्याची वाट मोकळी करायचे. आधी ती, मग बाकी सगळं. बाबा आठवले, म्हणून बोललो."

मी धावत जाऊन टॉमलिन्सनना जाळीवरून हटवलं.

थोड्या वेळाने परत, "आमची आई कोंबड्यांना दाणे टाकायची. ढीग नाही करायची. एका कोंबडीनेच सगळं खाल्लं असतं ना. मनगट सैल, हात फिरता. आईची फार आठवण येते आज."

मिसेस टॉमलिन्सननी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतोय तो, डक?"

"कोंबड्यांना दाणे कसे टाकायचे ते सांगतायत."

"कोंबड्यांना?" त्या क्षणभर बघत राहिल्या. मग हात सैल सोडून मीठ फिरवलं आणि रस्त्याला म्हणाल्या, "या गं बायांनो, खा!"

दुपारी बस चढली. अर्ध्यावर जरा घसरली, मग चाकांनी कच पकडला आणि ती वर गेली. तिच्यामागून ऑलसॉपसाहेबांची गाडी आली. ते उतरले. रस्त्याकडे बघितलं, आमच्याकडे, मग निसीमभाऊंच्या स्वच्छ कोटाकडे.

"शेवटी आलास तर!"

"नाही साहेब. मी घरी चाललो होतो."

"हे बघ निसीम, मला ऑफिसात सांगावं लागतं. तू इथे उभा आहेस. चढ मोकळा आहे. मी म्हणतो, तू आलास. संपलं."

आम्ही सगळे निसीमभाऊंच्या तोंडाकडे बघत होतो. एक 'हो' म्हटलं की नोकरी शाबूत. माईंनी माझा दंड धरला.

"असं सांगू नका साहेब," निसीमभाऊ म्हणाले. "मी फावड्याला बोट लावलं नाही. शब्बाथ पाळायचा आणि त्याच दिवशी खोटं बोलायचं, मग पाळला कशाला?"

ऑलसॉपसाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मिसेस टॉमलिन्सन पुढे झाल्या. "मिस्टर, तुमचं म्हणणं होतं की शनिवारी चढ मोकळा हवा. आहे की नाही?"

"आहे."

"मग फावडं कुणाच्या हातात होतं त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

साहेबांनी पुन्हा एकदा चढावरून नजर फिरवली. "वरून मला एवढंच विचारलंय, कार्टर्स हिल मोकळा झाला का," ते म्हणाले. "मी सांगेन, झाला." गाडीत बसताना काच खाली करून निसीमभाऊंना म्हणाले, "उद्या उजाडताच ये. रविवार तुझा."

निसीमभाऊ तिथेच उभे राहिले.  माई म्हणाल्या, "जा आता, दिना वाट बघत असेल," तेव्हा कुठे पाय हलले.

रविवारी सकाळी लॉरीचा आवाज आला. मी आणि माई खिडकीशी गेलो. निसीमभाऊ आमचं कालचं सगळं काम पुन्हा करत होते. आम्ही अर्धवट सोडलेले बर्फाचे कंगोरे कुदळीने फोडत होते, ढीग मोडत होते, मिस्टर टॉमलिन्सननी बुजवलेली दुसरी एक जाळी उकरत होते.  आमच्या दारासमोर आले तेव्हा मान वर करून त्यांनी हसून हात केला.

"बघ," माई म्हणाल्या, "आपलं उष्टं काढतोय." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.