पाटील आणि शेट एकाच दमणीत

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज बातम्या लिहितो. आज स्वतःचंच लिहितोय.

माझा एक बैल, शेजारच्या दगडूचा एक. सात वर्षं आम्ही सावड करून, दोन्ही एका जुवाला जुपून रानं नांगरली. मग लोकल बोर्डाची निवडणूक आली. एकीकडे पाटील उभे, दुसरीकडे शेट. मी पाटलांच्या पार्टीत, दगडू शेटच्या. पाटील मला म्हणाले, "शेटच्या मानसाचा बैल तुझ्या जुवाला? सावड मोड." मी मोडली. दगडू आपला बैल सोडून घेऊन गेला.

एकट्या बैलावर नांगर चालत नाही, म्हणून आज घोडेगावच्या बाजारात माझा विकून टाकला. रिकामा कासरा खांद्यावर टाकून निघालो, तर समोरून दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, आली. आत पाटील आणि शेट मांडीला मांडी लावून बसलेले. दमणीला एक बैल पाटलांचा, एक शेटचा!

मी विचारलं तर पाटील हसले. "आरं, शेटचा एक बैल लंगडतोय. मग माझा जुपला. शेजारधर्म हाय. निवडणूक झाली न्हवं?"

तुमची झाली, पाटील. आमची घराघरांत अजून चालूच आहे. आणि पुढच्या खेपेलाही तुम्ही दोघंच उभे राहणार.

दगडू, तू हा फळा वाचतोस, मला ठाऊक आहे. पेरणी तोंडावर आली. तुझा बैल एकटा आहे आणि माझं दावं रिकामं. कुठल्या तोंडानं तुझ्या दारात येऊ, सांग.