उघड्या डोळ्यांची प्रार्थना

पाचूबंदरला मी त्याला रोज पाहते. कुणी हाक मारली की हा आधी थांबतो, मग अख्खं अंग वळवून बघतो. नुसती मान कधी वळवत नाही. दोन वर्षांपूर्वी तर दारात बसून, समोर अंगठा धरून, त्यावर नजर रोखून मान हलवत राहायचा. मला वाटलं, दारू. चर्चमध्ये सगळे डोळे मिटतात तेव्हा हा टक्क उघडे ठेवतो, याचा तर मला फारच राग. लहानपणी मीच तर त्याला धर्मशिक्षण शिकवलं होतं ना!

परवा होड्यांना आशीर्वाद द्यायला फादर किनाऱ्यावर आले. प्रार्थना सुरू झाली. मऊ वाळूत तो माझ्या शेजारी उभा, नजर क्रुसावर. मी दटावलं, "डोळे मीट की रे!"

त्याने मिटले. आणि डोलकाठी मोडावी तसा तो तोंडावर आपटला. हातसुद्धा पुढे आले नाहीत.

लोकांनी त्याला उठवून बसवलं. ओठातून रक्त येत होतं.

"आजारात इंजेक्शनं दिली, त्यानी दोनी कानांतला तोल मेला, बाई," तो म्हणाला. "अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवत मेंदूला वरीसभर शिकवला, तवा आता डोल्यांवर आनि तलपायांवर उबा ऱ्हातो. वालूत पाय पन फसवतात. डोले मिटले का मी पडनारच."

"माहीत होतं, तर मिटलेस कशाला?"

"तुमी सांगितला ना, बाई."