भिंतीकडं तोंड करून उभी असल्याली बाई

सकाळी पोलिसांची जीप दारात आली तवा लेकरू माझ्या अंगावर पीत व्हतं. पदर सावरू का दार लावू, काय सुधरंना. सासू आतनं वरडली, "कोण हाय गं?" मी लेकराला पदराखाली झाकून उंबऱ्यावर आली.

ज्या फौजदार साहेबांकडं ती केस व्हती, ते आता रिटायर झाल्यात. नोकरीतल्या आठवणी लिवत्यात. त्येनी फोन केला, "पोरी, ह्या केसचं मी न्हाई लिवत, तूच सांग. कुणाचं नाव घालू नगंस." मी सातवीपतुर शिकल्याली. जसं येतंय तसं सांगती.

आमचं गाव आता कडेगावच्या माळावर हाय, पर खरं गाव कोयनेच्या धरणात गेलं. गाव उठलं त्या दिशी कुणीतरी देवळाम्होरं सगळ्यांस्नी उभं केलं आन एक फोटू काढला. तेवढीच खूण. त्यो नव्या देवळात खिळ्याला लावल्याला. सगळी माणसं आपल्याकडं बघत्यात, एक बाई तेवढी पाठ करून उभी हाय. परक्या गड्याला त्वांड कसं दावायचं, म्हणून वळली म्हणं. ती आबाची आई. आबा म्हंजी आमच्या शेजारचं म्हातारं. फोटूत तिचा पदर धरून जे बारकं पोरगं उभं हाय, ते आबाच.

जीप आली त्या महिन्यात देवळातल्या दिव्याची पाळी आमची, म्हणून किल्ली माझ्याकडं. आबा आलं आन बारीक आवाजात म्हणालं, "दोन दिस फोटू न्हेतो बाय. गुपचूप आणून लावतो." कुठं म्हणलं तर "कोयनेला" म्हणालं आन डोळंच पुसायला लागलं. मला ते बघवंना. किल्ली दिली, आन घाईघाईत बोलून बसली, "लेकराची आण, कुणाला सांगत न्हाई."

नेमका त्याच टायमाला सांगलीच्या कॉलेजातली माणसं येणार असल्याचा सांगावा आला. गावोगावचं जुनं फोटू, जुनं कागद ती गोळा करत्यात, इतिहास टिकावा म्हणून. सरपंच फोटू पुसायला गेलं तर खिळा रिकामा. गावभर बोंब झाली. सरपंचांनी तक्रार दिली, आन कुणीतरी ठाण्यात खबर दिली, किल्ली मिलट्रीवाल्याच्या बायकूकडं असती, तिला इचारा.

ठाण्यात लेडी कॉन्स्टेबलनं मला खुर्ची दिली. लेकरू रडायला लागलं. साहेब म्हणालं, "कुलूप तुटलं न्हाई. मग फोटू काय उडून गेला?"

"मला ठावं न्हाई साहेब."

"नवरा कुठं असतो?"

"बॉर्डरवर."

"त्येला फोन लावू?"

मी मान हलवली, न्हाई न्हाई. रडूच आलं. मग साहेबांनी टेबलावर एक सुपारी ठेवली.

"पंचनाम्याला गेलो तवा खिळ्याखाली ही गावली."

कॉन्स्टेबल बाई हसली, "साहेब, आपल्या खात्यात सुपारी म्हणलं की दुसरंच कायतरी आठवतं."

साहेब हसलं न्हाईत. "देव हलवला की त्येच्या जागी आपण सुपारी ठेवतो, देव परत येस्तवर. चोर कशाला ठेवील? ज्यानं न्हेलाय त्यो परत आणणार हाय. आन पोरी, चोर मी लय बघितल्यात. चोर आपली सुटका बघतोय. तू मघापासनं खिडकीतनं ऊन किती झालंय ते बघतीयास. कुणीतरी उन्हात गेलंय. म्हातारं माणूस हाय का?"

मी खिडकीवरनं नजर काढली.

"फोटूतलं गाव तिकडंच बुडालंय. कोयनेला गेलंय?"

मी लेकराला छातीशी गच्च धरलं.

"पाणी उतरलं की काठाला गाळ असतोय. वरनं वाळल्याला दिसतोय, आत पाय गेला की निघत न्हाई. एकट्या म्हाताऱ्या माणसाला काढणार कोण?"

माझ्या डोळ्याम्होरं आबांचं काटकुळं पाय आलं. लेकराच्या डोक्यावर हात ठेवला, मनात म्हणलं, देवा, ह्येला काय करू नगंस, आन नाव सांगून टाकलं.

साहेबांनी तिकडच्या चौकीला फोन लावला. कोयनानगरच्या स्टँडवर आबा यष्टीतनं उतरलं, आन पाणी नजरंत यायच्या आतच पोलिसांनी धरलं. सांजच्याला ठाण्यात आणलं, तवर मी तिथंच बसून. काखेत फोटू, वाकळंत गुंडाळल्याला.

साहेब चिडलं, "आवं आबा, नातवाच्या मोबाईलवर काढून न्यायचा की!"

"मोबाईलवर ती नखाएवढी दिसती," आबा म्हणालं. "आन साहेब, मला फोटू न्हवं, आईला न्ह्यायची व्हती."

"म्हंजी?"

"सगळं गाव देवळात आल्या-गेल्याकडं बघतंय. माझी आई तेवढी भिंतीकडं त्वांड करून उभी हाय. किती वर्सं झाली. म्हणलं, पाणी उतरलंय, देवळाचा कळस दिसतोय म्हणत्यात. फोटू तिकडं धरला तर तिच्या नजरंम्होरं गाव येईल. मी तिच्या पाठीमागं हुबा ऱ्हाईन. तिला एकदा बघू द्यावं."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. जाताना आबा माझ्यापाशी थांबलं. मी म्हणलं, "आबा, लेकराची आण मोडली मी." त्येनी लेकराच्या गालाला हात लावला. "घाबरलीस व्हय गं? ह्येला काय हुत न्हाई. जा घरला."

सरपंचांनी तक्रार मागं घेतली, पर मला बजावलं, आता हात लावलास तर मीच तुला ठाण्यात न्हेऊन बसवीन. कॉलेजवाल्यांनी फोटूची मोठी नक्कल करून दिली. मी आबाला म्हणलं, ती न्हेऊया. आबा म्हणालं, "ती आत्ता छापल्याली. माझी आई त्या जुन्या कागदावर हुबी हाय." खरा फोटू काचंच्या पेटीत गेला. सरपंचांस्नी उघड इचारलं, एक दिस खरा फोटू न्हेऊ का, तर म्हणालं, "अगं, गावाचा इतिहास हाय त्यो, दारोदार न्ह्यायला काय प्रसाद हाय?" त्येंचंबी खोटं न्हवं. हरवला तर गाव कुठं व्हतं ते लेकरांस्नी दावायचं कशात?

साहेब म्हणत्यात, त्या केसनं त्यांस्नी शिकवलं की चोरी सापडली म्हंजी काम झालं असं न्हवं. मला काय शिकवलं, मला अजून कळंना. आबा त्या दिशी जितं परत आलं, ते मी बोलली म्हणून. आन त्येंच्या आईला गाव दिसलं न्हाई, तेबी मी बोलली म्हणूनच.

औंदा पाणी लय उतरलंय. देवळाच्या पायऱ्याबी उघड्या पडल्यात म्हणं. आबा अंथरुणाला खिळल्यात, डोळं गेल्यात. परवा माझा हात धरला, "तू न्हे गं तिला. फोटू पाण्याकडं धर. तुझ्याकडं तिची पाठ ऱ्हाऊ दे. आन परत येऊन मला सांग, ऊन कसं पडलं व्हतं." आन उशाखालनं काढून माझ्या हातात एक सुपारी दिली.

दिव्याची पाळी परत आमची हाय. पेटीची किल्लीबी दिव्याबरोबरच येती. आत्ता मी देवळात उभी हाय, एका मुठीत किल्ली, दुसऱ्या मुठीत सुपारी. लेकरू आता चालतंय, माझा पदर धरून उभं हाय. सासू घरनं हाका मारतीया. पयली कोयनानगरची यष्टी थोड्या येळानं फाट्यावर यील.

तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं?